दुसऱ्या कॅम्पला फायरची माणसं का येत नाहीत

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वॉर्ड सोडून फायर ब्रिगेड आणि १०८ वाल्यांच्या तब्येतीचं काम करायचंय, पहिल्या तपासणी कॅम्पला गर्दी, दुसऱ्याला चार-दोन डोकी, आणि वरचे म्हणतात लोकांनाच गरज वाटत नाही. सोलापुरात माझ्याबरोबर हेच झालंय. बीपी-शुगर कसं तपासायचं ते तुम्हाला काय सांगायचं, ते सोडते.

गरज नाही वगैरे सगळं खोटं आहे, माणसं घाबरतात. आमच्याकडे नाववार नोंदी बाहेर जाणार नाहीत असं लेखी ठरलं होतं, तरी एका ऑफिसने (नाव नको) "आढावा घ्यायचाय" म्हणून अख्खं रजिस्टरच उचलून नेलं. मग ज्यांचं बीपी जास्त त्यांच्या नावापुढे खुणा, त्यातल्या काहींना गाडीवरून काढून टेबलावर बसवलं, ओव्हरटाइम गेला. आणि उपचार? एकालाही फिजिशियनकडे पाठवलं नाही, गोळी चालू झाली का एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. मी पत्रं दिली, आवक नंबर घेतले, उत्तर एकच, विषय आमच्या अखत्यारीत नाही. अहो मग रजिस्टर नेताना कसा होता? आजही आठवलं की डोकं तापतं.

पुढच्या तपासणीला एक जुना ड्रायव्हर आला, बाही वर केली, मी बीपीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) गुंडाळला, तर हळूच विचारतो, "सिस्टर, हे कुठं लिहिणार?" मी काही बोलायच्या आत त्यानेच वेल्क्रो फर्रकन ओढून काढला आणि उठून गेला.

म्हणून माझं स्पष्ट मत, रजिस्टर कुणाच्या कपाटात आणि किल्ली कुणाकडे हे ठरल्याशिवाय कॅम्प लावूच नका. नाववार नोंद नर्स आणि डॉक्टरकडे, ऑफिसला फक्त एकूण आकडे आणि गरज असेल तिथे "फिट" किंवा "काही दिवस हलकं काम", आजाराचं नाव नाही. अर्थात छातीत दुखणारा किंवा शुगर एकदम खाली जाणारा ड्रायव्हर लपवायचा नाही हं, पण आधी त्याला समोर बसवून डॉक्टरांनी सांगायचं, मग ऑफिसला. (मी वकील नाही, तुमच्याकडचे नियम बघून घ्या.)

ही भीती जिवावर बेतते. झोपेतून वर्दीवर (आगीच्या कॉलवर) पळायचं, अंगावर जड सूट, बाहेर मे महिन्याचे ४३ अंश, हृदयावर केवढा ताण येतो. अमेरिकेत बरीच वर्षं ड्युटीवरच्या फायरमनच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे हार्टचे आहेत. आणि लपवलेलं बीपी म्हणजे गोळी न घेतलेलं बीपी.

धुराचंही तेच. मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, त्यानंतर गाड्या, पाणी, परवाने यावर खूप बोललं गेलं, धुरात उभ्या राहिलेल्यांच्या फुप्फुसांवर मी तरी फारसं ऐकलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं काम थेट कॅन्सरकारक गटात टाकलंय. त्यामुळे काजळीचा सूट घरी नेऊन पोरांच्या कपड्यांत धुवायचा नाही, हे त्यांच्या बायकांनाही सांगा, त्या जास्त ऐकतात. आगीवरून आलेला माणूस डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाला तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी विश्वास ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही, ऑक्सिजन लावून सरळ हॉस्पिटलला न्या.

मोठा कफ स्वतःचा विकत घ्या. या लोकांचे दंड जाड, लहान कफवर बीपी उगाच जास्त येतं आणि नको त्याच्या नावापुढे खूण पडते. वर्दीवरून आल्या आल्या किंवा चहा-तंबाखू झाल्या झाल्या तर मोजूच नका.

१०८ वाल्यांना हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले का विचाराच, पण तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, १० च्या खाली आला तर परत डोस लागतात. आणि सुई टोचली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रात्री ती गोळी कुठे मिळते तो नंबर गाडीत चिकटवून ठेवा.