वाचकांचे प्रश्न : नायट्रोजनचा नळ घरी बसवावा का?

प्रश्न : गेल्या वर्षी मी इंग्लंडमध्ये लीड्सला भाच्याकडे दोन महिने राहून आलो. तो स्टाउट जातीची काळी बिअर घरीच तयार करतो आणि फ्रिजला बसवलेल्या नळातून ग्लासात देतो. ग्लास भरल्यावर फेस काचेलगत खाली उतरताना दिसतो आणि घोट सायीसारखा मऊ लागतो. ही नायट्रोजनची किमया आहे, असे त्याने सांगितले. मे महिन्यात तो सोलापूरला येताना तसाच नळ माझ्यासाठी आणणार आहे. मला घरी बिअर करून या नळातून देता येईल का? आमच्या रस्त्यावर टायरवाल्याकडे नायट्रोजन मिळतो, तो चालेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी बिअर करण्याबद्दल सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, त्यामुळे आपला भाचा काहीच गैर करत नाही. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे, मग ते घरातल्या चार माणसांपुरते का असेना, हा त्याखाली गुन्हा आहे. आपल्याजवळ मद्यसेवनाचा वैयक्तिक परवाना असला तरी तो विकत घेण्याचा, जवळ बाळगण्याचा आणि पिण्याचा असतो. तयार करण्याचा नसतो. म्हणून सोलापुरात घरी बिअर करण्याचा विचार आपण सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. नळ मात्र जरूर आणवून घ्यावा. तो थंड कॉफीसाठी तितकाच चांगला चालतो, आणि बिअरच्या बाबतीत तो कसा काम करतो हे एकदा नीट समजले की कॉफीचे निम्मे काम झालेच म्हणून समजा.

नेहमीच्या बिअरमध्ये फक्त कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात सहज विरघळतो, विरघळताना थोडे आम्ल तयार करतो आणि जिभेला झोंबतो. नायट्रोजनचे वागणे याच्या अगदी उलट आहे. तो पाण्यात कार्बन डायऑक्साइडच्या मानाने पन्नास पटींहूनही कमी विरघळतो आणि आम्ल तर मुळीच करत नाही. त्याचे बुडबुडे बारीक राहतात, आणि भोवतालच्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असल्यामुळे फेसातला वायू बाहेर निसटण्याची घाई करत नाही. आपल्याला जाणवलेली साय ती हीच. काचेलगत फेस खाली उतरताना दिसतो, त्याचे कारण ग्लासाच्या आकारात आहे. मधोमध बुडबुड्यांचा लोंढा वर चढतो, त्याच्याबरोबर बिअरही वर जाते, आणि ती कडेने परत खाली येताना बारीक बुडबुड्यांना ओढून नेते.

ही युक्ती स्टाउट बिअर बनवणाऱ्या गिनेस कंपनीत मायकेल ॲश या गणितज्ञाच्या देखरेखीखाली १९५९ मध्ये सिद्ध झाली. त्यापूर्वी दोन वेगवेगळ्या पिंपांतून, एकातली ताजी उसळती आणि दुसऱ्यातली मुरलेली शांत अशी बिअर एकाच ग्लासात ओतून हा फेस साधावा लागत असे.

आता भाच्याच्या नळाकडे वळू. त्याच्या तोंडात बारीक छिद्रांची एक चकती असते. केगमधली, म्हणजे दाबाखाली ठेवलेल्या धातूच्या बंद पिंपातली, बिअर ३० ते ३५ पौंड दाबाने, म्हणजे आपण मोटारीच्या टायरात हवा भरतो साधारण तितक्याच दाबाने, या छिद्रांतून ढकलली जाते. छिद्र ओलांडताच दाब एकदम कोसळतो आणि जेमतेम विरघळलेला नायट्रोजन असंख्य कणांच्या रूपाने सुटा होतो. मात्र एवढ्या दाबाखाली शुद्ध कार्बन डायऑक्साइड वापरला तर बिअर तो भरमसाट पिऊन घेईल आणि नळातून नुसता फेस येईल. त्यासाठी सिलिंडरमध्ये तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण भरतात. एकूण दाब मोठा असला तरी कार्बन डायऑक्साइडचा वाटा चौथाईच राहतो, आणि लिटरभर बिअरमध्ये तो सव्वा लिटरच्या आसपास मुरतो. नेहमीच्या बिअरमध्ये हेच प्रमाण अडीच लिटरच्या जवळ असते. घरी बिअर करणारे नवखे लोक येथेच चुकतात. बिअर आधी नेहमीप्रमाणे पूर्ण उसळती करून मग ती या नळाला जोडतात आणि ग्लासभर फेस निघाला की दोष नळाला देतात. भाच्याला कधी हा त्रास झाला, तर केगमधला जादा वायू आधी सोडून द्यायला सांगावे.

कॉफीत कार्बन डायऑक्साइड अजिबात नको, कारण त्याने ती आंबट लागते. तेथे शुद्ध नायट्रोजन वापरावा, पण टायरवाल्याकडचा नव्हे. त्याचे यंत्र हवेतला ऑक्सिजन बराचसा गाळून टाकते, तरी थोडा उरतोच, आणि त्या थोड्याशा ऑक्सिजनने कॉफी काय किंवा बिअर काय, चव शिळी होते. शिवाय कॉम्प्रेसरमधून येणारे तेल आणि ओल टायरला बाधत नसली तरी पोटात जाणाऱ्या पदार्थाला चालणार नाही. वायू पुरवणाऱ्या विक्रेत्याकडे खाद्य दर्जाचा नायट्रोजन असा शब्द वापरूनच मागणी करावी. केकवरची क्रीम फुगवण्याच्या छोट्या नळकांड्यांत नायट्रस ऑक्साइड असतो. नाव सारखे वाटले तरी तो निराळा वायू आहे, तो येथे आणू नये.

सिलिंडरबद्दल मी थोडे आग्रहाने लिहितो. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० बार दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटर नायट्रोजनसाठीच बनवलेला हवा. कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर काहीतरी जुळवाजुळव करून त्यावर बसवू नये. सिलिंडर उभा ठेवून भिंतीला साखळीने बांधावा आणि सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, नायट्रोजनला कसलाच वास नसतो. १० लिटरच्या सिलिंडरमधून जवळपास दीड घनमीटर वायू बाहेर पडू शकतो. दोन मीटर लांब, तितक्याच रुंद आणि अडीच मीटर उंच अशा बंद कोठीच्या खोलीत तो सगळा गळला, तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत खाली येतो आणि आत जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ही मांडणी खिडकी असलेल्या, वारा खेळता राहणाऱ्या खोलीतच करावी. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर उन्हात सिलिंडर ठेवू नये.

कॉफीसाठी जाडसर दळलेली पूड घ्यावी. फिल्टर कॉफीसाठी मिळणारी पूड बारीक असते आणि तिच्यात बहुधा चिकोरीही असते. एक भाग पूड आणि आठ भाग थंड पाणी फ्रिजमध्ये १२ ते १८ तास ठेवून आधी फडक्यातून आणि नंतर कागदी फिल्टरमधून गाळावे. केग तीन चतुर्थांशच भरावा, रात्रभर थंड करावा, ४० पौंडांच्या आसपास नायट्रोजन सोडून चांगला हलवावा आणि दिवसभर तसाच दाबाखाली फ्रिजमध्ये ठेवावा. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेलेला असताना फ्रिजबाहेरचा नळ तापतो, त्यामुळे पहिला पाव ग्लास नुसता फेस येईल. तो बाजूला काढावा. ग्लास तिरपा धरून पाऊणभर भरावा, दीड-दोन मिनिटे थांबावे आणि मग सरळ धरून काठोकाठ भरावा. कॉफी आठवड्याच्या आत संपवावी, आणि मध्ये वीज बराच वेळ जाऊन केग कोमट झाला तर ती प्यायला न देता ओतून टाकावी.

प्रश्न : सात रस्ता भागात माझे कॉफीचे छोटे दुकान आहे. नायट्रोजनच्या नळातून सकाळचे पहिले काही ग्लास छान येतात, नंतर धार बारीक होत जाते. दाब वाढवूनही फरक पडत नाही. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दाब वाढवूनही धार बारीकच राहते, यावरून चकतीची छिद्रे कॉफीच्या गाळाने बुजत असावीत. नळाचे तोंड उघडून चकती कोमट पाण्यात भिजवावी आणि मऊ ब्रशने साफ करावी. सुई घालू नये, छिद्र मोठे झाले की फेस कायमचा बिघडतो. कॉफी आणखी एकदा कागदातून गाळावी आणि रोज दुकान बंद करताना नळातून स्वच्छ पाणी सोडावे. धार पूर्ववत झाली आणि फेस मात्र आला नाही, तर नायट्रोजन मुरायला वेळ मिळालेला नाही असे समजून केग आदल्या रात्रीच भरून ठेवावा.