वसुलीवाल्याचा फोन येतोय, पण कर्ज तर घेतलंच नाही!

प्रश्न: ताई, आठवडाभर एकाचा रोज फोन येतोय, म्हणतो तुमच्या मिस्टरांनी अ‍ॅपवरून लोन घेतलंय, आजच्या आज १२ हजार भरा नाहीतर संध्याकाळी पोलीस दारात. व्हॉट्सअ‍ॅपवर कोर्टाच्या शिक्क्याची नोटीसपण पाठवलीये. मिस्टर म्हणतात मी काही घेतलेलं नाही, पण त्या माणसाला आमचा पत्ता, पॅन नंबर सगळं माहितीये. सासूबाईंना झोप नाही. भरून मोकळं व्हावं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: अजिबात नको, एक रुपयासुद्धा नाही. पॅन आणि पत्ता आपण सिमकार्डापासून हॉटेलच्या रूमपर्यंत दहा ठिकाणी देतो, तिथून तो कुठेही फुटतो, त्यामुळे तो माहिती असणं हा कर्जाचा पुरावा नाही. आणि एकदा भरलंत की पुढच्या आठवड्यात 'व्याज राहिलंय' म्हणून परत फोन येणार.

त्याला शांतपणे विचारा, कर्ज कुठल्या बँकेचं, लोन अकाउंट नंबर काय, त्याच्या नावाचं बँकेचं अधिकारपत्र कुठाय. खरा एजंटसुद्धा कधीकधी उर्मट बोलतो, त्यामुळे आवाजावरून ठरवू नका, कागदावरून ठरवा. मग त्याने दिलेला नंबर सोडून बँकेच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः फोन लावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात करता येतात, आणि अ‍ॅपवरच्या कर्जाचा हप्ता थेट कर्ज देणाऱ्या कंपनीच्या खात्यात जातो, कुणा माणसाच्या यूपीआयवर नाही. तुम्हाला त्याने क्यूआर कोड पाठवला असेल तर त्यावरचं नाव वाचा, तिथेच बऱ्याचदा उलगडा होतो. नोटिशीचं म्हणाल तर नुसता हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करत नाहीत, तो दिवाणी मामला असतो.

मिस्टरांच्या मनातली शंका जायला हवी, म्हणून त्यांचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्यांच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. त्यात अनोळखी कर्ज दिसलंच, तर कुणीतरी त्यांच्या पॅनवर उचललेलं असू शकतं, तेव्हा रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करा, पैसे तेव्हाही भरायचे नाहीत.

फोन नंबर, मेसेज, ती नोटीस, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा, डिलीट करू नका, आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. घरातल्या कुणी घाबरून आधीच पैसे पाठवले असतील तर मात्र आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. सासूबाईंनाही हे सगळं नीट समजावून सांगा, पुढचा फोन त्याच उचलतील कदाचित.