मोरचुदाचा हिशेब आणि लेकीचं शिक्षण

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगी बारावी सायन्सला, ग्रुप पीसीबी, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र. तीन वर्षांपूर्वी थॉम्पसन जातीचा तीस वर्षांचा जुना प्लॉट काढून डॉगरिजच्या खुंटावर नवीन लागवड केली, पण रोपं उठत नाहीत, पानं पिवळी पडतात. कुणीतरी म्हणालं, मोरचूद मारून मारून माती मेली. तेव्हापासून मुलीनं धरलंय, माती-पाण्यातल्या जड धातूंचंच शिकायचं. विहिरीजवळून नाला जातो, वर कारखाने आहेत, त्या पाण्याचीही तिला शंका आहे. मी म्हणतो, बी. फार्म. कर. मातीचं शिकून नोकरी मिळते का? आणि खरं सांगू का, उद्या तिनंच आमच्या मातीत विष आहे म्हणून सांगितलं तर आमचा माल घेणार कोण?
— एक बागायतदार

नमस्कार दादा,

शेवटचा प्रश्न तुम्ही ‘खरं सांगू का’ म्हणून विचारलात, म्हणून तोच आधी घेते. मोरचुदातलं तांबं जमिनीत साठलं असलं तरी द्राक्षवेल ते बहुतांशी मुळांपाशीच अडवून धरते, मण्यांपर्यंत फार थोडं पोचतं. मालावर जे सापडतं ते मुख्यतः काढणीच्या जवळ मारलेल्या औषधाचं असतं. तेव्हा मातीचा अहवाल वाईट आला की द्राक्ष विषारी ठरलं, असं होत नाही. आणि तपासलंच नाही म्हणून माल वाचतो, असंही नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, ते तुमच्या भागात कुणी विसरलं नसेल. ज्याची तपासणी आपल्याकडे होत नव्हती, नेमकं तेच तिकडे सापडलं. घरातलंच माणूस आधी तपासणार असेल तर त्याला घाबरू नका.

आता तिचा विषय. बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, कालवल्यावर तुम्ही त्यात विळा बुडवून बघता. पातं तांबूस झालं की चुना कमी पडला, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ते लोखंडावर चढलेलं तांबं असतं. तुमच्या लेकीनं हे लहानपणापासून पाहिलंय. पुस्तकातलं रसायनशास्त्र तिच्याकडे नंतर आलं, बांधावरचं आधी. अशी मुलं मला फार थोडी भेटतात, म्हणून तिचा हट्ट मी हट्ट मानत नाही.

मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा असतं. एक टक्क्याचं बोर्डो एकरी ४०० लिटर मारलं, तर ४ किलो मोरचूद आणि त्यातलं १ किलो तांबं बागेत गेलं. बाकीची बरीचशी औषधं उन्हानं, जिवाणूंनी आज ना उद्या मोडतात. तांबं हे मूलद्रव्य, ते मोडत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते पाण्याबरोबर सहज खालीही उतरत नाही, सेंद्रिय कर्बाला आणि चिकणमातीला धरून वरच्या वीतभर थरात बसतं. एका एकराचा १५ सेंटिमीटरचा वरचा थर सुमारे ९ लाख किलो भरतो. वर्षाला अशा तीन फवारण्या आणि तीस वर्षं धरली तर ९० किलो तांबं. म्हणजे किलोभर मातीत १०० मिलिग्रॅमची भर पडली. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, पण तुमच्या फवारणीच्या वह्या पुढ्यात घेतल्या तर लेक तुमच्या बागेचा खरा हिशेब एका संध्याकाळी मांडेल.

हा प्रश्न मूळचा फ्रान्समधला. बोर्डोच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे आणलं. त्यानं द्राक्षशेती तगवली, यात शंका नाही. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या माती-सर्वेक्षणात द्राक्षबागांच्या जमिनीत किलोमागे सरासरी सुमारे ४९ मिलिग्रॅम तांबं निघालं. सगळ्या जमिनींची सरासरी होती सुमारे १७. २०१९ पासून युरोपीय संघानं तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. आपल्या एकराच्या भाषेत वर्षाला सरासरी १.६ किलो. वरच्या उदाहरणातल्या तीन फवारण्या त्याच्या जवळजवळ दुप्पट होतात.

इथे लेकीला एक गोष्ट आवर्जून सांगा. युरोपातला आकडा उचलून निफाडच्या मातीला लावायचा नाही. शेतात सांडपाण्याचा गाळ टाकायला परवानगी देताना युरोपात मातीतल्या तांब्याची मर्यादा किलोमागे ५० ते १४० मिलिग्रॅम धरतात. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकाची, आणि बेसाल्टमध्ये तांबं मुळातच जास्त असतं. कधी मोरचूद न पडलेल्या बांधावरची मातीसुद्धा त्या मर्यादेत बसणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून बागेतला नमुना आणि बांधावरचा नमुना अशी जोडी लागते. दोन्हींतला फरक तो फवारणीचा. आपल्या खडकाचे, आपल्या चुनखडीचे आकडे आपल्याच माणसांनी काढायला हवेत. त्यासाठी तुमच्या लेकीसारखी, हा भाग ओळखणारी मुलं या विद्येत यावीत असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या पिवळ्या पानांचंही तसंच. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडतंय. जास्त तांब्यानं मुळं आखूड राहतात, लोह उचललं जात नाही, हे खरं. जुन्या वेलींची मुळं खोल गेलेली असतात, नव्या रोपांची मात्र नेमकी त्या वरच्या थरात, हेही खरं. पण नुसती चुनखडी जास्त असली तरी पानं अशीच पिवळी दिसतात. पाण्यातले क्षार असतील, मुळांना लागणारे सूत्रकृमी असतील. पहिल्या संशयितालाच गुन्हेगार ठरवायचं नाही, हे या क्षेत्रातलं पहिलं शिक्षण आहे.

तुमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका असेल. तीत तांब्याचा रकाना आहे. पण तो वेलीला मिळू शकणारं तांबं मोजतो आणि कमतरता आहे का एवढंच सांगतो. ०.२ मिलिग्रॅमच्या वर आकडा गेला की ‘पुरेसे’. किती जास्त, एकूण साठा किती, हे तिथं कुणी विचारत नाही. त्यासाठी माती तीव्र आम्लात विरघळवून अॅटोमिक अॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजावी लागते. तुमच्या मुलीला शिकायचंय ते हे काम.

नाल्याचं पाणी ही अधिक काळजीची बाब, आणि तिथे मी तिच्या बाजूची आहे. तांबं माणसापेक्षा मुळांना आणि गांडुळांना आधी त्रास देतं. कारखान्यांच्या सांडपाण्यातून कॅडमियम, शिसं किंवा क्रोमियम येऊ शकतं, त्याची जात वेगळी. जपानमध्ये जिंझू नदीत कामिओका खाणीचं कॅडमियम उतरलं, भातशेतीत गेलं आणि लोकांची हाडं ठिसूळ झाली. ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ हे त्या आजाराचं नावच पडलं. १९६८ मध्ये तिथल्या सरकारनं तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. तुमच्या विहिरीत तसं काही आहे असं मी म्हणत नाही. पण ते पाणी घरात पीत असाल तर मुलीची पदवी होईपर्यंत थांबू नका, आताच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार कॅडमियम लिटरमागे ०.००३ मिलिग्रॅमच्या आणि शिसं ०.०१ च्या वर चालत नाही. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. धातूंच्या नमुन्यात थोडं नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

आता वाट कुठली. मला बी. एस्सी. कृषी पहिल्या पसंतीची वाटते. पीसीबी आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर प्रवेश होतो, चार वर्षांची पदवी आहे. पुढे मृदा विज्ञान व कृषी रसायनशास्त्रात एम. एस्सी. करता येते, राहुरीचं कृषी विद्यापीठ तुम्हाला जवळ. दुसरी वाट रसायनशास्त्रात बी. एस्सी. आणि मग विश्लेषणात्मक रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र. प्रयोगशाळेत दोन्ही वाटांनी आलेल्या मुली शेजारी उभ्या राहतात, पण कृषी विद्यापीठातल्या एम. एस्सी.ला सहसा कृषीचीच पदवी मागतात. त्यामुळे शेताच्या बाजूनं जायचं असेल तर निर्णय आताच घ्यावा लागेल. गणित सुटलं म्हणून सुटका नाही, संख्याशास्त्र तिला पक्कं करावं लागेल.

नोकरीचं स्पष्ट सांगते. निर्यातीमुळे नाशिक-पुण्यात मालावरचे औषधांचे अंश तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत, तिथे काम मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि हंगामात रात्री जागाव्या लागतात. सरकारी बाजूला प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजल सर्वेक्षण यंत्रणा, कृषी खात्याच्या माती प्रयोगशाळा, लोकसेवा आयोगाची कृषी सेवा आहे. भरती दरवर्षी निघेलच असं नाही. संशोधनात जायचं तर मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, भोपाळची मृदा विज्ञान संस्था आहेत, त्यासाठी पीएच.डी.पर्यंतची तयारी ठेवा. लवकर घराला हातभार लागावा अशी गरज असेल तर हे गणित तिच्यापुढे मोकळेपणानं मांडा, ती समजून घेईल.

बी. फार्म.ला मी नावं ठेवणार नाही. औषधांच्या विश्लेषणातही पुष्कळ अशीच यंत्रं असतात. पण तुमच्या पत्रात बी. फार्म.चं कारण एका शब्दानंही आलेलं नाही, मातीचं कारण मात्र अर्धं पत्र भरून आहे.

एप्रिलच्या खरड छाटणीला, बोर्डो मारायच्या आधी, तिला नव्या प्लॉटमधून आठ-दहा ठिकाणची आणि बांधावरून तेवढ्याच ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती काढू द्या. खुरपं लोखंडी नको, लाकडी किंवा प्लास्टिकचं घ्या, आणि जिच्यात कधी बोर्डो कालवलं ती बादली अजिबात नको. दोन्ही नमुन्यांत एकूण तांबं, उपलब्ध तांबं, सामू (पीएच), मुक्त चुना आणि सेंद्रिय कर्ब एवढं तपासायला सांगा. अहवाल आला की तो आधी तिला वाचू द्या आणि तिच्याकडून तुम्ही समजून घ्या. जुन्या प्लॉटच्या फवारणीच्या वह्या माळ्यावर असतील तर त्याही आत्ताच खाली काढून ठेवा, ती मागणार आहे.