‘आई, पाणी दे’ म्हटलं की छातीत गच्च होतं

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. मुलगी सहा वर्षांची, तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, थांबवत नाही. मुलाच्या तपासण्या चालू असताना माझंही निदान झालं : ऑटिझम, आणि त्यात पीडीए, म्हणजे कुणी काही मागितलं-सांगितलं की ते टाळण्याकडे जबरदस्त कल. मुलं ‘आई, पाणी दे’ म्हणाली तरी छातीत गच्च होतं. ऐकूच आलं नाही असं दाखवते, तिसऱ्या हाकेला ओरडते. थेरपिस्टनी स्टिकरचा तक्ता दिलाय, रोज भरायचाय म्हणून मीच त्याच्याकडे बघत नाही. मुलगाही अगदी तसाच. रोज सकाळी बुटांवरून आमची दारात जुंपते. जिला स्वतःकडून एक साधं काम करून घेता येत नाही, तिनं मुलं कशी वाढवायची?
– एक आई

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं आणि अकरा दिवस त्याला हात लावला नाही. संपादकांनी आठवण केली, तेव्हा आणखी तीन दिवस. मलाही हेच निदान आहे, त्रेचाळिसाव्या वर्षी मिळालेलं. तेव्हा हे उत्तर घरच्या अनुभवातूनच येतंय.

आधी नावाचं उरकून घेऊ. पीडीए, म्हणजे ‘पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स’ (मागणी टाळण्याचा विकृत कल), हा शब्द ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात वापरायला सुरुवात केली, त्यावरचा त्यांचा निबंध २००३ मध्ये आला. डीएसएम-५ आणि आयसीडी-११ या निदानाच्या याद्यांत तो स्वतंत्र आजार म्हणून नाही. उद्या कुणी डॉक्टर ‘असं काही नसतं’ म्हणाले तर गांगरू नका. नावातलं ‘पॅथॉलॉजिकल’ अनेकांना बोचतं, म्हणून काही जण त्याच आद्याक्षरांचा अर्थ ‘पर्व्हेसिव्ह ड्राइव्ह फॉर ऑटोनॉमी’, म्हणजे ‘स्वायत्ततेची सर्वव्यापी ओढ’, असा लावतात. मला तो जास्त खरा वाटतो. आपल्या हातातून सूत्रं जातायत असं वाटलं की शरीर धोक्याची घंटा वाजवतं, मग मागणी पाण्याची का असेना. मागणारा बाहेरचाच असायला हवा असंही नाही. लघवीला लागली तरी मी अर्धा तास बसून राहते. आळस म्हणायचा तर आवडीचं शिवणकामही, ‘आज करायचंच’ ठरवलं की, तसंच पडून राहतं.

आता बूट. माझा मुलगा सात वर्षांचा असताना एका पायात मोजा घालून दारात फतकल मारून बसायचा. मी ‘बूट घाल’ म्हणायचे, तो अंग सैल सोडायचा. मला घड्याळाचा राग, त्याला माझा. एक दिवस ओरडायचंही त्राण नव्हतं. शेजारी जमिनीवर बसले आणि आपल्याशीच म्हणाले, ‘या वेल्क्रोचा आवाज किती मोठा येतो.’ त्यानं पट्टी उचकटली. खर्रर्र. पुन्हा लावली, पुन्हा उचकटली, दहा-बारा वेळा, आणि मग पाय आत गेला. मला वाटलं, सापडली किल्ली! दुसऱ्या दिवशी तेच वाक्य म्हटलं तर माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तू मुद्दाम बोलतेयस.’

बरोबरच होतं त्याचं. हुकमाऐवजी नुसतं निरीक्षण बोलून दाखवावं, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. ते चालतं, पण ‘नाही’ म्हणायची मोकळीक खरोखर असेल तेव्हाच. गोड आवाजातला हुकूम अशा मुलांना लगेच ओळखू येतो, आणि तुम्हालाही येतोच की. आम्ही शेवटी बूट पिशवीत टाकून निघायला लागलो. तो शाळेच्या फाटकाशी घालायचा. कधी नाही घालायचा.

तक्ता परत करा. एरवी मी थेरपिस्टच्या कामात नाक खुपसत नाही, पण इथे स्टिकर म्हणजे मागणीवर चिकटवलेली आणखी एक मागणी. आमच्याकडे ‘शाब्बास’सुद्धा जपून वापरावं लागतं, कारण आज शाब्बास म्हणजे उद्या पुन्हा करून दाखव.

पाण्याचं मात्र सोपं आहे : मागायच्या आधीच ते हाताशी ठेवायचं. रात्री सगळे झोपले, कुणीच काही मागत नाही, तेव्हा मी बाटल्या भरून खालच्या फळीवर ठेवते. तुमच्या मुलीचं वेगळं आहे. डोक्यातलं निसटेल म्हणून तिला आत्ताच्या आत्ता बोलायचं असतं, आणि अचानक आलेली हाक तुम्हाला लागते. चूक दोघींचीही नाही. माझ्या लेकीसाठी मी ओट्याशेजारी पाटी टांगली. तिला आठवलेलं ती लिहिते किंवा चित्र काढते, तिच्यासाठी ते पाटीवर टिकतं आणि मी वळेन तेव्हा बघते. पाटीला आवाज नाही, ही तिची सगळ्यात मोठी सोय.

काही गोष्टींत सूट नाही : रस्ता, औषध, मारामारी. यादी इतकी आखूड ठेवली तरच ती पाळली जाते. औषध घ्यायचंच, पण कुठे बसून आणि कशातून, ते मुलानं ठरवायचं. आणि ज्या दिवशी तुमचंच आतलं दार बंद होतं, त्या दिवशी ऐकू न आल्याचं सोंग नको. ‘ऐकलं, माझा मेंदू अडकलाय, बाबाला सांग’ एवढं वाक्य मुलांना पुरतं. नवऱ्याशी कामं निम्मी-निम्मी वाटू नका. ज्याला जे कमी टोचतं ते त्यानं घ्यायचं. माझ्या नवऱ्याकडे सगळे फॉर्म आणि फोन आहेत, रात्रीची जागरणं माझी. मूल आजारी असतानाही तुमचा पाय उचलत नाही, असं वारंवार होत असेल तर मात्र पीडीए ओळखणारा समुपदेशक स्वतःसाठी शोधा, मुलासाठी नव्हे.

दारात फतकल मारून बसलेल्या पोराला काय होतंय, हे तुमच्या घरात तुम्हाला कुणी समजावून सांगायला लागत नाही. मला माझ्या आईला ते कधीच सांगता आलं नाही.

या सदराच्या शेवटी आम्ही नेहमी ‘करून पाहा आणि जरूर कळवा’ असं छापतो. तुमच्या उत्तराखालून ते काढायला सांगितलंय.