शोकसंदेशानंतर काय?

प्रश्न : गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हल्ल्यानंतर सगळेच नेते निषेध करतात. त्यातला पोकळ कोणता, हे ओळखायचं कसं?

उत्तर : आधी पाहावं, दोष कोणाच्या माथी मारलाय. अमेरिकेत शार्लट्सव्हिलला १२ ऑगस्ट २०१७ रोजी वर्चस्ववाद्यांविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांच्या गर्दीत मोटार घातली गेली. एका स्त्रीचा जीव गेला. ट्रम्प त्या दिवशी म्हणाले, हिंसा ‘अनेक बाजूंनी’ झाली. कू क्लक्स क्लॅन (गोऱ्या वर्चस्ववाद्यांची जुनी संघटना) आणि नवनाझींचं नाव घेतलं ते १४ तारखेला, आणि १५ला ‘दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं होती’. नवनाझींचा निषेधच करायला हवा, हेही ते त्याच पत्रकार परिषदेत बोलले. लोक अजून आपापल्या सोयीचं अर्धं वाक्य घेऊन भांडतात.

मग तारखा आणि मतमोजणी बघावी. अमेरिकेतल्याच चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी नऊ कृष्णवर्णीय मारले गेले. दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या घुमटावरचे झेंडे अर्ध्यावर आले, पण आवारातला कॉन्फेडरेट झेंडा (यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा) पूर्ण उंचीवरच राहिला. त्याच्या काठीला दोरी-कप्पीच नव्हती. तो अर्ध्यावर आणता येत नव्हता, काढायचा तर पुराच. आणि कायद्यानं त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागत. गव्हर्नर निकी हेली यांनी २२ जूनला तो हटवा म्हटलं, ९ जुलैला विधेयकावर सही केली, १० जुलैला झेंडा उतरला.

प्रश्न : मशिदींवरच्या हल्ल्यानंतर न्यूझीलंडला इतक्या झटपट बंदुकांचा कायदा करणं कसं जमलं?

उत्तर : तिथं संसदेला एकच सभागृह आहे, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं क्रमात आहे. क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर १५ मार्च २०१९ रोजी हल्ला झाला. ५१ जण गेले. तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी २१ मार्चला लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक (दर चापाला एक गोळी सुटून पुढची आपोआप भरणाऱ्या) बंदुकांवर बंदी जाहीर केली, पण कायदा होईपर्यंत लोक दुकानं रिकामी करतील हे ओळखून त्याच दिवशी दुपारी ३ वाजल्यापासून अशा बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुका वरच्या परवान्याच्या वर्गात टाकल्या. साध्या परवान्यावरची खरेदी तिथंच थांबली. १० एप्रिलला विधेयक ११९ विरुद्ध १ मतांनी संमत झालं. बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या, त्याची मुदत २० डिसेंबरपर्यंत होती.

जुनी फट क्षुल्लक दिसणारी होती. साध्या परवान्यावर सात गोळ्यांच्या मॅगझिनची (बंदुकीला लावायच्या गोळ्यांच्या पेटीची) सेमी-ऑटोमॅटिक बंदूक चाले. मोठं मॅगझिन बसवणं गुन्हा, विकत घेणं मात्र खुलं!

प्रश्न : म्हणजे चूक फक्त कायद्याची?

उत्तर : नाही. चौकशी आयोगाचा अहवाल ८ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. हल्लेखोराला परवाना देताना पोलिसांनी नीट पडताळणी केली नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सुरक्षा यंत्रणांचं लक्षही एकाच प्रकारच्या दहशतवादावर खिळलेलं होतं. आर्डर्न यांनी सरकारच्या वतीनं माफी मागितली. शिफारशी ४४ होत्या. झटपट कायद्याची आठवण सगळ्यांना राहते, त्या ४४ पैकी किती अमलात आल्या हे क्वचितच कुणी विचारतं.