हसू यावं ते पेटी विकणाऱ्याचं

अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या मालकावर गुन्ह्याची विनोदी कादंबरी लिहितो आहेस आणि ती अमेरिकेत घडवतो आहेस, तर आधी तिथला १९८४ पासूनचा ‘फ्युनरल रूल’, म्हणजे या व्यवसायासाठीचा सरकारी नियम, नीट वाच. कुणीही येऊन विचारलं तर दरपत्रक हातात द्यावंच लागतं. शवपेटी बाहेरून आणली तरी नाही म्हणता येत नाही, जादा पैसेही लावता येत नाहीत. म्हणून तुझा मालक उघड लुबाडणारा नको. तो दरपत्रक देतो, मग आवाज खाली आणून म्हणतो, “आईसाठी बहुतेक लोक ही घेतात.” स्वस्त पेटी असते, पण कोपऱ्यात, कुणाला आवडणार नाही अशा रंगात. हा प्रसंग चांगला दोन पानं चालू दे.

गुन्ह्यासाठी फार डोकं खाजवू नकोस. २००२ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या नोबल इथे एका दहनगृहाच्या आवारात तीनशेहून जास्त मृतदेह तसेच टाकलेले सापडले; काही घरच्यांना रक्षा म्हणून सिमेंटची भुकटी मिळाली होती.

आणि हे मनापासून सांगतो, रडणाऱ्या घराची थट्टा करू नकोस. मसुदा झाला की मालकाचे संवाद मोठ्याने वाच. जिथे तो खलनायकासारखा बोलतो, ती ओळ काढून टाक.