पबमेडवर आहे, म्हणजे सिद्ध झालं?

वडिलांना टाइप 2 मधुमेह आहे, नात्यातल्या कुणीतरी 'हळदीच्या कॅप्सूलने साखर उतरते, पबमेडवर संशोधन आहे' म्हणून लिंक पाठवली, आणि यावर किती विश्वास ठेवायचा असं तुम्ही विचारलंय. लिंक उघडून पाहिली. पेपर खरा आहे, फक्त उंदरांवरचा आहे.

पबमेड ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची सूची. 1996 पासून इंटरनेटवर आहे, वापरायला फुकट, आणि आज तीत साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. पण सूचीत नोंद असणं म्हणजे ग्रंथपालाने पुस्तकाची हमी घेणं नव्हे. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा 1998 चा 'लॅन्सेट'मधला पेपर 2010 मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याची नोंद तिथे अजून आहे. फक्त 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का मारलेला आहे. तेव्हा कुठलीही लिंक उघडली की आधी तो शिक्का नाही ना, ते बघा.

शोधताना इंग्रजीत 'करक्युमिन' (हळदीतला मुख्य घटक, संशोधन बहुतेक त्याच्यावरच होतं) आणि 'टाइप 2 डायबिटीस' घाला. मग डावीकडच्या फिल्टरमधून 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' (माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलनात्मक चाचणी) आणि 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' (एका प्रश्नावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) निवडा. उंदीर आणि पेशींवरचे बहुतेक पेपर इथेच गळतात. पूर्ण लेख हवा असेल तर 'फ्री फुल टेक्स्ट'वर टिचकी मारा. नसेल तर लेखकाला इमेल करा, बरेच जण आनंदाने पाठवतात. घरात कुणी सरकारी मेडिकल कॉलेजात असेल तर त्यांनाही विचारा, 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेमुळे तिथे पुष्कळ नियतकालिकं खुली झाली आहेत.

आता वाचायचं कसं. निष्कर्षाची ओळ शेवटी वाचा. आधी बघा: माणसं किती, किती महिने, तुलना कशाशी, मोजलं काय. एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे चार आठवड्यांच्या ट्रायलमध्ये ती 'सुधारली' असं कुणी लिहिलं तर मी तरी भुवया उंचावतो. मग डोस. हळदीत करक्युमिन वजनाच्या साधारण 3 टक्के. म्हणजे ट्रायलमध्ये रोज 1 ग्रॅम करक्युमिन दिलं असेल तर ती तीसेक ग्रॅम हळद झाली. आमटीतल्या चिमूटभर हळदीबद्दल तो पेपर काहीच सांगत नाही.

'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हटलं की लगेच माना डोलवू नका. दहा लहान, ढिसाळ ट्रायल एकत्र केल्या तर हाती एक मोठा ढिसाळ आकडा येतो. कॉक्रेन या असे आढावे काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रिव्ह्यूंना साध्या भाषेतला सारांश जोडलेला असतो, त्यात पुराव्यावर कितपत भरवसा ठेवता येतो हेही लिहितात. तेवढा भाग कधी गाळू नका. ट्रायल भारतातली असेल तर सीटीआरआय या आपल्या नोंदवहीत तिचा नंबर टाका. 2009 पासून औषधांच्या ट्रायलची नोंद आधीच करणं बंधनकारक आहे. काय मोजणार म्हणून सांगितलं होतं आणि पेपरात काय छापलं, हे शेजारी ठेवून वाचलं की बरंच कळतं.

हळदीचं म्हणाल तर 2017 मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त एक मोठा आढावा आला. त्याचा सूर असा, की इतक्या ट्रायल होऊनही करक्युमिनची एकही डबल-ब्लाइंड (कुणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली), प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी तुलना केलेली ट्रायल यशस्वी ठरलेली नाही. यावर कुणीतरी हमखास शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर आणि हळदीच्या पेटंटची लढाई काढतं. ती लढाई अभिमानाचीच, पण 1997 मध्ये ते अमेरिकन पेटंट रद्द झालं ते जखमेवर हळद लावणं आपल्याकडे जुनंच आहे म्हणून. हळद लागू पडते की नाही, हा तिथे मुद्दाच नव्हता.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मी 'उपयोग होतो का'च्या आधी 'अपाय होतो का' हे शोधेन. त्यासाठी 'लिव्हरटॉक्स' बघा. औषधं आणि वनौषधींमुळे यकृताला होणाऱ्या इजांची माहिती तिथे फुकट मिळते आणि हळदीवर वेगळी नोंद आहे. शोषण वाढवण्यासाठी काही कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीतलं पिपेरिन घालतात, आणि यकृताला इजा झाल्याच्या प्रकरणांत अशी उत्पादनं दिसली आहेत. पिपेरिनमुळे इतर काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. डबीवर ते नाव आहे का बघा, आणि वडिलांच्या गोळ्यांच्या यादीसोबत ती डबीच डॉक्टरांना दाखवा.